दोन नळांची टाकी

चिपळूण,
ता. १२ मे १९३१

प्रिय मित्र महिपत यास भागोजीचा राम राम.

तुझे कार्ड पोचले. इकडे मी, हौसा आणि पोरगी बरे आहोत. तिकडे तुझ्या आईचा गुडघा कसा आहे ते कळव. चिपळुणात उकाडा असा आहे की माणूस बसल्या जागी शिजतो. वाशिष्ठीला पाणी गुडघ्याएवढे उरले आहे. पावसाळ्यात हीच नदी बाजारात शिरते असे इथले लोक मला रोज बजावतात, जसा काही मीच ती अडवणार आहे.

कार्डावर तू 'भागोजी महार' असे लिहिलेस ते बरे केलेस. चिपळुणात भागोजी पुष्कळ आहेत. पोस्टमनने बरोबर आमच्या वाडीत आणून दिले, म्हणजे वाडीच्या वाटेवर ठेवले आणि लांबून हाक मारली.

हौसाच्या भावाने मला इथल्या भाताच्या गिरणीत लावून दिले आहे. इंजिन बघायचे काम. तेलावर चालणारे मोठे धूड आहे, चौथऱ्याला बोल्ट मारून बसवलेले. दिवसभर धडधडते आणि कुठे जात नाही. मालक समाधानी आहे. गिरणीच्या आत जायला मला मागचे दार आहे, इंजिन नशिबाने त्याच दाराशी आहे.

तू दोन गोष्टी विचारल्यास. न सांगता का निघून गेलास, आणि आपल्या लॉरीला नेमके काय झाले आहे. दुसऱ्याचे उत्तर सोपे म्हणून आधी देतो. पिस्टन सिलिंडरात जाम धरले आहेत, हेडला चीर गेली आहे आणि मधले बेअरिंग वितळून तेलात मिसळले आहे. आंबा घाटाचा चढ, एप्रिलचे ऊन आणि लढाईत राबलेले इंजिन, तिन्ही एका जागी आल्यावर व्हायचे ते झाले. यात कुणाचा दोष काढण्यात अर्थ नाही.

घाटातून तुझ्या खळ्यापर्यंत चार बैलजोड्यांनी गाडी तीन दिवस ओढत आणली असे ऐकले. आता ती उघड्यावर ठेवू नकोस. चारही बाजूंना लाकडी ठोकळे लावून चाके जमिनीवरून उचल, नाहीतर टायर बसतील. स्प्रिंगांच्या पाट्यांना तेल दे. प्रत्येक पाट्यात दोन पाने जास्त घालून आपण गाडी वीतभर वर उचलली होती, त्या पानांमध्ये गंज धरला तर सगळी मेहनत फुकट. नदीतल्या दगडांवरून पोट न घासता गेली पाहिजे म्हणून तू किती हट्ट धरला होतास ते आठवते का? तुझा हट्ट बरोबर होता, हे आता कबूल करतो.

फणसाच्या फळ्यांची दोन बाके कड्या काढून भिंतीला उभी लाव. चुलीच्या पेटीचे झाकण उघडले की टेबल होते, त्याच्या बिजागऱ्या नाजूक आहेत, पोरांना त्यावर बसू देऊ नकोस. हौसाने शिवलेले ताडपत्रीचे छप्पर उतरवून घडी कर, त्यात उंदीर घर करतात. तीन वर्षे आपण त्या खळ्यात ठोकाठोकी केली आणि गाव म्हणत होता, लढाईवरून येताना दोघांच्या डोक्यात वाळू गेली. एकदा तू स्वतःचे धोतर फळीला ठोकून बसला होतास आणि उठेना का म्हणून फळीलाच शिव्या देत होतास. हौसा अजून ते सांगून हसते.

टाकीतले पाणी मात्र सोडून दे, नाहीतर तळ गंजेल. डाव्या नळाचे. उजव्याचे सोडायला नको, ती बाजू कोरडीच आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सवडीने देईन.

तुझा,
भागोजी

*

चिपळूण,
ता. २८ जून १९३१

महिपत यास,

तुझे दोन पानी पत्र आले. पावसाने शाई पसरली होती, तरी वाचायचे तेवढे वाचता आले.

तू लिहितोस, तुझे गंगाराममामा गावात सांगत फिरतात की भागोजीने पाण्याकडे न बघता गाडी हाकली, त्या लोकांना इंजिनातले काय कळते. खाली तू लिहितोस, 'मनावर घेऊ नकोस.' मामांना तू काय उत्तर दिलेस ते पत्रात सापडले नाही. मी पान उलटूनही पाहिले.

पुढे लिहितोस, 'टाकीचे तर सर्वांच्या संमतीने ठरले होते, तूच ती आपल्या हाताने केलीस.' हे खरे आहे. खरे आहे म्हणूनच इतके झोंबले. तर आता मी सगळे पहिल्यापासून लिहितो, कारण तुला सोयीचे तेवढेच आठवते.

सन १७ साली लढाईत, इराकात बसऱ्याच्या पुढे आपली लॉरी वाळूत फसली. मी ड्रायव्हर, तू माझा क्लीनर. गावात सगळे उलटे समजतात आणि मी कधी त्यांना दुरुस्त केले नाही. नऊ दिवस आपण लॉरीच्या मागच्या भागात राहिलो. पाचव्या दिवशी प्यायचे पाणी संपले तेव्हा मी रेडिएटर खालून सोडला. गंजाचे लाल पाणी आले. ते बिस्किटांच्या डब्यात धरले. मी अर्धे प्यालो, उरलेले तू प्यालास, त्याच काठाला तोंड लावून. मग तोंड पुसून म्हणालास, "भागोजी, आपल्या मुलखात गेलो का अशीच एक गाडी करू. आतच निजायचं, आतच रांधायचं. कुणाच्या दारात जायला नको."

तुझ्यासाठी ती मौज होती. घाटावरच्या बाजाराच्या गावांत तुला धर्मशाळा होती, देऊळ होते, कुणाची तरी ओटी होती. मला झाड होते. पाणी हवे तर विहिरीपासून लांब उभे राहायचे आणि कुणाला दया येते का बघायचे. तुला ती गाडी आवडली होती, महिपत. मला ती हवी होती.

म्हणून खडकीच्या फौजी लिलावातून जुनी लॉरी आणल्यावर मी सगळ्यात आधी टाकी केली. चाळीस गॅलनची, जस्ती पत्र्याची, ड्रायव्हरच्या पाठीमागे बसवलेली. नळ एक. तू हसलास की अजून छप्पर नाही आणि ह्याला पाण्याची घाई. मी पत्रा ठोकत राहिलो.

पहिल्या फेरीला महिना उरला तेव्हा मामा गाडी बघायला आले. सुकी मासळी आणि नारळ, सगळा माल त्यांचा, आणि तेही बरोबर येणार होते. गाडीभोवती फिरले, बाक थोपटून पाहिले, चुलीच्या पेटीचे कौतुक केले. मग टाकीजवळ थांबले. "टाकी येकच हाय व्हय? मंग मी पानी कंचा पिवाचा?" तू डोके खाजवलेस. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आलास आणि म्हणालास, "भागोजी, मधे एक पत्रा घातला तर? दोन नळ करू. कुणी काही बोलायला नको. आपल्या दोघांत काय ते सगळं तसंच."

मी नाही म्हणू शकलो असतो. मी "बघतो" म्हणालो. तीन वर्षे राबून गाडी उभी केली होती आणि मालाशिवाय ती कुठे जाणार नव्हती. टाकी उघडली, पत्रा मापात कापला आणि कडेकडेने कथलाचा डाग देत बसलो. दोन दिवस गेले. हौसा भाकरी घेऊन आली ती तिथेच उभी राहिली.

"ह्या कुनासाटी करताव?"

"गाडीसाठी."

"तुमच्या हातानं तुमालाच भाईर काडताव आनि गाडीसाटी म्हनताव."

मी तिला ओरडून घरी पाठवले. मग डाव्या, म्हणजे तुमच्या, बाजूत पाणी भरले आणि उजव्या बाजूत हात घालून कडा चाचपली. थेंब उतरला नव्हता. इतका चांगला डाग मी जन्मात दिला नाही, आणि त्या वेळी मला त्याचा आनंद झाला. तो आनंद आता आठवला की स्वतःची किळस येते.

आता घाटातला दिवस. रेडिएटर मी भरतो म्हणून इंजिनाचे पाणी माझ्या बाजूचे, हेही तुम्हीच ठरवले. नाणीजजवळ रबरी नळी गळू लागली. चिंधी बांधली, पण दर दोन मैलांना बादली ओतावी लागली. साखरप्याला माझी बाजू संपली. मी तुला म्हणालो, विहिरीवरून दोन बादल्या काढून आण. तू गेलास. तिथे कुणीतरी विचारले, पाणी कुणासाठी? तू बादल्या हलवत रिकामाच परत आलास आणि म्हणालास, "घाटात झरा आहे."

घाटाच्या दुसऱ्या वळणावर वाफ आली. मी गाडी थांबवली आणि सांगितले, "महिपत, डावा नळ सोड." तू मागे मामांकडे पाहिलेस. मामा माझ्या बाकावर पाय पसरून बसले होते. ते म्हणाले, "त्याची बादली आमच्या नळाखाली लागली का टाकी बाटली." तुझा लोटा तुझ्या हातात होता. तू त्या लोट्याने ओतले असतेस तरी चालले असते. इंजिनाला जात नसते. तू म्हणालास, "जरा पुढं घे. झरा असंल."

मी पुढे घेतली. अर्ध्या मैलात इंजिन गेले. माझ्या पाठीशी वीस गॅलन पाणी हिंदकळत होते, ते मला ऐकू येत होते.

मामांना सांग, भागोजीने पाण्याकडे पाहिले होते.

भागोजी

*

चिपळूण,
ता. २० ऑक्टोबर १९३१

प्रिय महिपत,

तुझे पत्र येऊन आठ दिवस झाले. लगेच उत्तर दिले नाही, कारण पहिले तीन दिवस मी यायचेच ठरवले होते.

तू लिहिलेस ते मी हौसाला दोनदा वाचून दाखवले. नवे इंजिन बोटीने रत्नागिरीच्या बंदरात उतरले, तू ते बैलगाडीवर घालून घरी आणलेस. टाकी उघडून मधला पत्रा तू स्वतः छिन्नीने कापून काढलास, चार दिवस लागले, तळहात कापला. मामांनी तुझ्याशी बोलणे टाकले. आईने तुझे ताट ओटीवर मांडले. आणि शेवटी, 'आता एकच नळ आहे. ये. पहिल्या फेरीला आपण दोघेच जाऊ.'

चार दिवस लागले हे वाचून मला हसू आले. माझा डाग इतक्या सहज निघणारा नव्हता. पण तू छिन्नी उलटी धरली असणार, हेही मला ठाऊक आहे. जखमेकडे लक्ष दे. जस्ताची जखम चिघळते.

हौसा म्हणाली, "जावा तुमी. मानूस वळतो हाय तर वळू देवा त्याला." तिने असे म्हणावे याचे मला नवल वाटले. मी हत्यारांची पेटी भरली आणि गिरणीच्या मालकाकडे आठ दिवसांची सुट्टी मागितली. तो कुरकुरत हो म्हणाला. मग घरी येऊन मी पेटी पुन्हा रिकामी केली. हौसाने कारण विचारले. तिला सांगितले नाही. तुला सांगतो.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट दडवली. तू वाचताना लाजला असशील, आणि तू लाजावेस म्हणूनच मी ती दडवली.

त्या वळणावर झरा नव्हता, हे मला माहीत होते. रस्ता बघायला मी आधीच्या आठवड्यात पायी घाट चढून आलो होतो. झऱ्याच्या जागी ओला दगडसुद्धा नव्हता. आणि समजा मला ते माहीत नसते, तरी पाण्यावाचून ते इंजिन त्या चढावर किती चालेल हे मला घड्याळ न बघता सांगता आले असते. मी चौदा वर्षे इंजिने ऐकतो आहे. इंजिन बंद करून तासभर सावलीत बसलो असतो तर ते थंड झाले असते. चाकांना दगड लावून, बादली घेऊन मी खाली ओढ्यावर गेलो असतो. दीड मैल चालायचे होते, एवढेच. बसऱ्यात त्याच्या दसपट चाललो आहे. गाडी वाचवायला तुझ्या नळाची मला काहीच गरज नव्हती.

तू म्हणालास, जरा पुढे घे. मी "बरं" म्हणालो आणि पेडल दाबून इंजिनाला जोर दिला. द्यायला हवा होता त्यापेक्षा जास्त. पहिल्या फर्लांगात आवाज कोरडा झाला. पुढच्या वळणावर आतून ठोके येऊ लागले. ते तुला कळले नाहीत, मला प्रत्येक ठोका कळत होता. मी रस्त्याकडे कमी आणि तुझ्याकडे जास्त बघत होतो. मला वाटत होते, आता हा बोलेल. आता म्हणेल, थांब, मी पाणी ओततो. मी मनात म्हटले, त्या झाडापर्यंत बोलला तर थांबवतो. झाड गेले. मग म्हटले, त्या मोरीपर्यंत. एकदा तू माझ्याकडे वळून तोंड उघडलेस आणि माझा पाय पेडलवरून उचललासुद्धा गेला. तू म्हणालास, "किती गरम होतंय रे."

मी पाय पुन्हा खाली दाबला.

इंजिन धरले तेव्हा गाडीला असा हिसका बसला की मामा बाकावरून खाली आले. तुला वाटले मी घाबरलो म्हणून गप्प आहे. मी घाबरलो नव्हतो. मला बरे वाटले होते, महिपत. आता ह्याला कळेल, असे वाटून बरे वाटले. ते बरे वाटणे इंजिन थंड होईपर्यंत टिकले. तू मला न विचारता बैलांची चौकशी करायला खाली साखरप्याला गेलास आणि मी बॉनेट उघडून आत पाहिले. त्या इंजिनाचा एकेक बोल्ट मी घासून बसवला होता. तिथून मी जो निघालो तो थेट चिपळुणात, हौसा आणि पोरगी मागून आल्या. तुझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. तुझा राग आला म्हणून मी पळालो असे तुला वाटत राहिले, आणि मी ते वाटू दिले.

तुझ्यावर राग आहे, तो खोटा नाही. टाकी दोन भागांची झाली तेव्हा आला, विहिरीवरून रिकाम्या बादल्या आल्या तेव्हा आला, आणि तुझ्या ताटाचे वाचूनही थोडा आलाच, कारण चार दिवस ओटीवर जेवलास ते तू मला लिहून कळवलेस. मी जन्मभर कुठे जेवतो ते मी कधी तुला लिहिले नाही. पण तो राग घेऊनही मी आलो असतो. रागाने माणूस दूर राहतोच असे नाही, मी तर रागासकट तीन वर्षे तुझ्या खळ्यात काम केले आहे.

इंजिन बसवायला रत्नागिरीच्या बंदरावर बाबल्या मिस्त्री आहे, मचव्यांच्या इंजिनांचे काम करतो, त्याला बोलाव. हात जड आहे पण लबाडी करत नाही. कोणता बोल्ट किती आवळायचा ते सगळे मी सोबतच्या कागदांवर चित्रे काढून दिले आहे. रबरी नळी नवीन घे, जुनी शिवत बसू नकोस. टाकी पुन्हा बंद करताना त्याच्याकडून डाग तपासून घे, तुझ्या छिन्नीने तळाला भोके पडली असणार. गाडी कागदोपत्री तुझ्याच नावावर आहे, तेव्हा माझ्या सहीवाचून काही अडणार नाही. ती चालू कर. ती खळ्यात सडते आहे असे मला कुणी येऊन सांगू नये, एवढी एकच मागणी आहे.

हे पत्र वाचून तू मला माफ करशील. मी तुला ओळखतो, तू मनाचा वाईट कधीच नव्हतास, आणि म्हणूनच मी येत नाही. मी आलो की तू म्हणशील, जाऊ दे भागोजी, माझे चुकले, तुझे चुकले, झाले. दोघांच्या चुका सारख्या करून तू मोकळा होशील. त्या सारख्या नाहीत. तू गप्प बसलास. मी माझ्या हातून झालेली सगळ्यात चांगली गोष्ट मुद्दाम मारली, आणि तीही फक्त तू गप्प बसतोस का ते बघायला. मामा मला जे समजायचे ते समजोत. आपल्यात इतके विष आहे हे मला त्या चढापर्यंत माहीत नव्हते.

पुन्हा कधी त्याच घाटात तशी वेळ आली तर तू पाणी देशील, याची मला आता खात्री आहे. तू देईपर्यंत मी गाडी थांबवून धरीन, याची नाही.

तुझ्या आईस नमस्कार सांग. घेणार नाहीत, तरी सांग.

एके काळचा तुझा ड्रायव्हर,
भागोजी